जुनी वाद्यं, चालती वाद्यं – भाग ६ : नवरात्रात नेक का हलते?

मागच्या भागात आपण जुन्या बेस गिटारचं वय ओळखायला शिकलो. पॉटच्या, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या पोटेन्शिओमीटरच्या, पाठीवर १३७६६१२ असा आकडा ठोकलेला दिसला, तर पहिले तीन अंक कारखान्याचे (१३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल), पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे हा पॉट १९६६ सालच्या बाराव्या आठवड्यातला. पॉट कारखान्याच्या खोक्यात वर्षभर पडून राहिलेला असू शकतो, पण गिटार पॉटच्या आधीची असू शकत नाही, एवढं नक्की. ‘अस्सल बासष्टची’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी इथेच आटोपतात. अर्थात, पॉट नंतर कुणी बदललेला नाही ना, हे सोल्डरच्या जुन्या डागावरून पाहून घ्यायचं. वय कळलं, आता ती वाजती ठेवायची कशी, आणि तीही सुरतेत, हे या आठवड्यात पाहू.

सुरतेत बेसवाल्याला खरी मागणी नवरात्रात येते. उधना, लिंबायत, डिंडोलीकडच्या आपल्या खानदेशी वस्त्यांत ती गणपतीपासूनच सुरू होते, पण रात्रीमागून रात्र उभं राहून वाजवायचं ते गरब्यातच. आता पंचांग आणि हवामान शेजारी ठेवून पाहा. दक्षिण गुजरातेतून नैऋत्य मोसमी पाऊस निघतो तो साधारण सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. चार महिने ओल पिऊन बसलेलं लाकूड नेमकं याच दिवसांत सुकू लागतं. पहिल्या माळेला मऊ वाजणारी गिटार सातव्या माळेला खडखडायला लागते, आणि दोष जातो पिकअपला, अँपला, नाहीतर साउंडवाल्याला. हललेली असते नेक.

कारण नेकवर भार असतो. लिओ फेंडरने १९५१ साली कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस काढला, तेव्हा तारेची मोकळी लांबी ३४ इंच ठेवली, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर. आजही बहुतेक बेस याच मापाच्या असतात. नेहमीच्या जाडीच्या चार तारा सुरात आणल्या की त्यांचा एकूण ताण ७५-८० किलोच्या घरात जातो, आणि तो रात्रंदिवस चालू असतो. मेपलच्या नेकमध्ये या ताणाला तोंड द्यायला एक लोखंडी सळई घातलेली असते, तो ट्रस रॉड. तारा एका बाजूला ओढतात, रॉड दुसऱ्या बाजूला. दोघांच्या मध्ये लाकूड. ते ओल घेतं आणि सोडतं, तशी ही तडजोड बिघडते. पावसाळ्यात नेक पुढे वाकेल की मागे, हे मात्र आधी सांगता येत नाही. लाकडाचे रेषे कसे आहेत, मागे लॅकर किती शिल्लक आहे, फिंगरबोर्ड उघडा आहे की पॉलिश केलेला, यावर ते ठरतं. एकाच साच्यातल्या दोन गिटारी उलट्या दिशांना गेल्या तरी नवल नाही.

म्हणून अंदाज न करता मोजायचं. गिटार वाजवताना धरतो तशीच धरा, तारा सुरात लावून. डाव्या हाताने जाड ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा, उजव्या हाताने तीच तार नेक बॉडीला मिळते त्या फ्रेटवर. आता ती तार म्हणजे सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते पाहा. साधारण ०.३ ते ०.३५ मिलिमीटर हवी. बऱ्यापैकी जाड व्हिजिटिंग कार्ड सरकेल, पण अडखळेल, एवढी. फट अजिबात नसेल तर नेक मागे वाकली आहे, आणि खडखड पहिल्या चार-पाच फ्रेट्सवर ऐकू येईल. फट फार मोठी असेल तर मधल्या भागात तारा उंच लागतील आणि बोटं दुखतील.

जुन्या फेंडर धाटणीच्या नेकची खोड अशी, की रॉडचा नट बॉडीच्या बाजूला असतो. तारा ढिल्या करायच्या, चार स्क्रू काढून नेक सोडवायची, नट पाव फेरा फिरवायचा, सगळं परत जोडायचं, सुरात आणायचं आणि मग पुन्हा मोजायचं. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की बाक कमी होतो, उलट फिरवलं की वाढतो. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, आणि पुढचा निर्णय दुसऱ्या दिवशी, कारण लाकूड लगेच जागेवर बसत नाही. नट हटत नसेल तर पान्याला लांब दांडा लावून जोर करण्याचा मोह आवरा. पन्नास-साठ वर्षांची सळई आतल्या आत तुटली, की फिंगरबोर्ड उचकटण्यावाचून गत्यंतर नसतं आणि त्या खर्चात साधी नवी गिटार येते. हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडेच न्यावं, आणि तेही घटस्थापनेच्या आदल्या दिवशी नको. आठवडाभर आधी सेटिंग करून घ्यावं, आणि पाऊस मध्येच गेला तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा फट पाहावी. रोज नट फिरवणारे हौशी लोक मला माहीत आहेत. त्यांच्या गिटारी हवेने कमी आणि मालकामुळे जास्त बिघडतात.

फिंगरबोर्डबद्दल दोन शब्द. १९५९ पासून फेंडरच्या बेसवर गडद रोझवुडचा फिंगरबोर्ड आला. आधी ब्राझीलचा, पुढे भारतीय. भारतीय रोझवुड म्हणजे आपली शिसव. सुरतेहून पूर्वेला डांगच्या जंगलात साग असतो तशी शिसवही असते, आणि मुंबईच्या जुन्या वाड्या-बंगल्यांतल्या कोरीव खुर्च्या याच लाकडाच्या. या फळीला वर्षातून एक-दोनदा तेलाचं बोट पुरतं. घरात आहे म्हणून शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेल लावू नका. ते चिकट होतं, खवट होतं आणि फ्रेटच्या कडेला मळ धरतं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन कापडावर थेंबभर घेऊन पुसलं की काम झालं. मेपलच्या लॅकर केलेल्या फिंगरबोर्डला तेच लावण्यात अर्थ नाही. (ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारात सर्वांत कडक संरक्षणाखाली आहे. अमेरिकेतल्या भाच्याकडून साठीच्या दशकातली गिटार मागवणार असाल, तर आधी कागदपत्रांची चौकशी करा.)

आता तारा. इथे सुरतकरांना समजावून सांगायची फारशी गरज पडू नये. जरीच्या कारखान्यात बारीक तार रुळांखाली चपटी करतात, त्या चपट्या पट्टीला बादला म्हणतात, आणि तो धाग्यावर फेऱ्याला फेरा लावून गुंडाळला की कसब तयार होतं. फ्लॅटवाउंड बेसची तार नेमकी तशीच बनते. फक्त आत रेशमाऐवजी पोलादाचा गाभा असतो आणि वर स्टीलची चपटी पट्टी. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागते. आवाज गोल, थोडा बुजरा, ढोलाच्या खाली बसणारा. पन्नाशीच्या दशकातल्या बेस अशाच तारांसाठी घडल्या होत्या. गोल तार तशीच गुंडाळलेली, म्हणजे राउंडवाउंड, बेसवर रुळली ती १९६६ नंतर, रोटोसाउंड कंपनी आणि ‘द हू’चा जॉन एन्टविसल यांच्या खटपटीतून. तिचा आवाज पियानोसारखा टणक आणि चकचकीत, पण कानशीसारखी ती फ्रेट झिजवते.

माझं मत विचाराल, तर जुन्या बेसवर आणि सुरतेच्या हवेत फ्लॅटवाउंडच. खाऱ्या, दमट हवेत राउंडवाउंडच्या खाचांमध्ये घाम आणि गंज साठतो, आणि महिन्याभरात चकाकी जाते. मग तारा उकळत्या पाण्यात टाकून चार दिवस जिवंत करण्याची जुनी युक्ती करावी लागते. फ्लॅटवाउंड वर्षानुवर्षं चालते. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत जेम्स जेमर्सनने १९६२च्या प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाउंड तारा चढवल्या होत्या, आणि तुटल्याशिवाय तो त्या बदलत नसे. एकाच बोटाने वाजवायचा. आपल्याकडच्या गाण्यांत बेस ऐकायला शिकायचं असेल, तर राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातल्या टोनी वाझ यांच्यापासून सुरुवात करा. गरब्याच्या मध्यंतरात आजही त्या गाण्यांची फर्माईश येते, आणि कीबोर्डच्या डाव्या हाताने काढलेला बेस तिथे उघडा पडतो. एकच लक्षात ठेवा : राउंडवाउंडवरून जाड फ्लॅटवाउंडवर गेलात तर ताण बदलतो, आणि नेक पुन्हा मोजावी लागते.

विजेचा भाग थोडक्यात, कारण पॉटची खरखर हा सगळ्यांत सोपा आजार आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा, दहा-वीस वेळा गोल फिरवणं, झालं. लगेच नवा पॉट बसवू नका. मागच्या भागातला तो आकडा त्याच्याच पाठीवर आहे. बदलावाच लागला तर जुना पॉट, जुने स्क्रू, जुना ब्रिज, सगळं नाव लिहून पिशवीत ठेवा. विकताना त्या पिशवीचेही पैसे मिळतात.

पिकअप मुका झाला तरी घाबरू नका. आतली तांब्याची तार सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीची, हजारो वेढ्यांची असते, आणि पुष्कळदा ती वेढ्यांत न तुटता बाहेर डाग दिलेल्या टोकाशी तुटते. तिथे हिरवट गंज दिसतो. हे भिंगाखाली डागता येतं. पांडेसऱ्यात लूमच्या मोटारी रिवाइंड करणारे कसबी हात आहेत, पण त्यांची तार आणि मशीन याहून कितीतरी जाड कामासाठी असतं. पूर्ण रिवाइंड लागलं तर गिटारचं काम करणाराच शोधा.

घुं आवाजाचं मात्र गांभीर्याने घ्यायचं. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे घुं थेट बेसच्या सुरातच येऊन बसते आणि इक्वलायझरने कापायला गेलं तर सूरही कापला जातो. १९५७ नंतरच्या प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप ही घुं स्वतःच मारतो. १९६० साली आलेल्या जाझ बेसचे दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडले तरच ती मरते. एकच पिकअप ठेवला की परत येते. एलईडीच्या माळा, डिमर आणि जनरेटर यांच्या गर्दीत हा फरक चांगलाच ऐकू येतो.

तारांना हात लावल्यावर घुं कमी झाली तर ते ठीक, कारण तारा ब्रिजमार्फत अर्थला जोडलेल्या असतात. पण त्याच कारणाने, एका हातात बेस आणि ओठ माइकला लागल्यावर झिणझिण्या आल्या, तर वाजवणं तिथल्या तिथे थांबवा. मंडपात दोन पिनांच्या बोर्डात बसावा म्हणून अँपच्या प्लगची तिसरी पिन मोडायची सवय सर्रास आहे. २३० व्होल्टशी असा खेळ करू नये. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, मग ट्यूनिंग करा.

ठेवण्याबद्दल. साठीच्या दशकातल्या गिटारींवरचं नायट्रोसेल्युलोज लॅकर रबराशी भांडतं. स्टँडच्या रबरी गादीचा डाग त्यावर कायमचा उमटतो. सुती कापड गुंडाळा. सॅनिटायझर लागलेल्या हाताने तर तिला शिवूच नका. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या, आणि त्या दर पंधरवड्याला गरम करून सुकवलेल्या. गाडीच्या डिकीत दुपारी ठेवणं बंद. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सोडल्यावर तापी शहरात शिरली, तेव्हापासून सुरतेतली घरं किमती वस्तू माळ्यावर चढवून ठेवतात. बेसही तिथेच असावी, पण पत्र्याखाली नव्हे. आणि पाणी लागलंच तर स्क्रूने जोडलेल्या नेकचा फायदा घ्या : तारा ढिल्या करा, नेक वेगळी काढा, दोन्ही भाग सावलीत पंख्याच्या झोताबाहेर काही आठवडे सुकू द्या. हेअर ड्रायर आणला की लाकूड तडकतं.

पुढच्या आठवड्यात व्हॉल्व्हचे जुने अँप : कोणते दुरुस्त करण्याजोगे, आणि कोणते शोकेसमध्येच बरे. तोवर मोजलेली फट कागदावर तारखेसह लिहून ठेवा. आज एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा.