मापात बसणारी मासळी

श्रीवर्धनच्या जीवना बंदरात होड्या भरतीच्या हिशेबाने लागतात. होडी धक्क्याला टेकली की खलाशी मावऱ्याच्या पाट्या वर देतात आणि कोळणी लगेच निवडायला बसतात. पापलेट एकीकडे, सुरमई एकीकडे, कोळंबी बर्फात. बोंबील, मांदेली, ढोमा यांचे निराळे ढीग. लिलावाच्या गलक्यापेक्षा मला ही निवडच जास्त बोलकी वाटली. कोणत्या पाटीत काय आहे यावरून जाळं कसलं होतं ते कळतं.

गिलनेटची मासळी साधारण एका मापाची असते. मासा जाळ्याच्या भोकात, म्हणजे आसेत, कल्ल्यांशी अडकतो. पिल्लू आरपार निघून जातं. डोलीचं तसं नाही. पाण्याच्या ओढीला तोंड करून बांधलेल्या या पिशवीची आस शेवटाकडे बारीक होत जाते, त्यामुळे करंदीबरोबर मोठ्या माशांची पिल्लंही येतात. ट्रॉलचं जाळं ओढताना शंकरपाळ्यासारखी आस ताणून मिटते. म्हणूनच त्याच्या शेवटच्या पिशवीला 40 मिलिमीटरची चौकोनी आस लावायचा नियम आहे. ती ओढतानाही उघडी राहते.

जून-जुलैचे 61 दिवस यांत्रिक होड्या बंद असतात, कारण पावसाळा हा अनेक माशांच्या विणीचा काळ. 2023 मध्ये राज्याने 54 जातींच्या माशांसाठी किमान लांबीही ठरवून दिली: पापलेट 135 मिलिमीटर, बोंबील 180, सुरमई 370. पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला तोही त्याच वर्षी.

जाळ्यात कासव आलं तर प्रश्न आणखी अवघड. याच तालुक्यात हरिहरेश्वर, दिवेआगरच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. कासव हवेवर जगतं, जाळ्यात फार वेळ अडकलं तर बुडून मरतं. ते सोडवायला जाळं कापावं लागतं आणि तो भुर्दंड मच्छीमाराचा. डिसेंबर 2018 पासून कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या योजनेतून अशा जाळ्यासाठी 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुरावा म्हणून सुटकेचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो. संरक्षित जीव सोडणाऱ्याचं नुकसान सरकारने वाटून घेणं हा मला या सगळ्यातला सर्वांत शहाणा नियम वाटतो.

मात्र धक्क्यावर आलेलं माशाचं पिल्लू मेलेलंच असतं. तिथं पट्टी लावून त्याला परत समुद्रात धाडता येत नाही. ते वाचायचं तर जाळ्याची आस मोठी हवी आणि आस मोठी ठेवणं परवडायला हवं. तिथं आपला, खाणाऱ्यांचा संबंध येतो. श्रीवर्धनला जा, ताजी मासळी पोटभर खा. पण साडेतेरा सेंटीमीटरहून आखूड पापलेट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ज्याला गिऱ्हाईक नाही, त्यासाठी बारीक आस कोणी बाळगत नाही.