ऊणोदरी आणि शस्त्रक्रिया : निर्णयापूर्वीचा हिशेब

बारा तपांपैकी दुसरे तप ऊणोदरी, अर्थात अवमौदर्य. भूक शिल्लक असतानाच हात आवरणे, हे त्याचे स्वरूप. वजन घटविण्याची शस्त्रक्रिया शरीराला हीच मर्यादा घालते. मात्र तप स्वेच्छेने होते आणि शस्त्रक्रियेने आलेली मर्यादा बहुधा आयुष्यभराची असते. ज्या घरात जेवणाची वेळ सूर्य ठरवितो आणि पदार्थ व्रते ठरवितात, त्या घराने काही प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीच विचारले पाहिजेत.

शस्त्रक्रिया कोणासाठी, याचा निर्णय प्रामुख्याने बीएमआयवरून होतो. वजनाला (किलोग्रॅम) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले की हा अंक मिळतो. शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांच्या २०२२च्या निवेदनानुसार ३५ किंवा त्याहून अधिक बीएमआय असल्यास शस्त्रक्रिया सुचविता येते. आशियाई लोकांच्या बाबतीत २७.५ पासून विचार होऊ शकतो. आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटी मात्र कठोर आहेत : ४०, किंवा अनियंत्रित मधुमेह, हृदयरोग अथवा तीव्र निद्राश्वसनरोध असल्यास ३५. म्हणून विमा कंपनीची लेखी मंजुरी आधीच घ्यावी.

सध्या मुख्यतः दोन पद्धती प्रचलित आहेत. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे पाऊण भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी केली जाते. भूक वाढविणारे घ्रेलिन हे संप्रेरकही त्यामुळे घटते. तथापि काहींची आम्लपित्ताची तक्रार वाढते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. मधुमेह व आम्लपित्त असणाऱ्यांना ती अनेकदा अधिक उपयुक्त ठरते. परंतु जीवनसत्त्वे व खनिजे कमी शोषली जातात आणि मिठाई खाल्ल्यास धडधड, घाम, जुलाब होऊ शकतात. जठरात फुगा ठेवणे ही शस्त्रक्रिया नव्हे. तो काही महिन्यांनी काढावा लागतो.

गुंतागुंत न झाल्यास रुग्ण साधारणतः दोन-तीन दिवसांत घरी येतो. चालणे त्याच किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होते. आरंभीचे सुमारे दोन आठवडे द्रव आहार, पुढे घोटलेला, नंतर मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचा आहार असा क्रम असतो. दुकानातील बैठे काम दोन-तीन आठवड्यांत शक्य होते. पोती व खोकी मात्र चार ते सहा आठवडे उचलू नयेत. ताप, वाढती पोटदुखी, नाडीचे जलद ठोके, धाप किंवा पोटरीची सूज दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. मधुमेहाच्या औषधांची मात्राही लगेच बदलावी लागते. ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

खरा पेच पाण्याचा आहे. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव लागते, तेही घोट घोट. आणि घन आहार सुरू झाल्यावर जेवताना व त्यानंतर अर्धा तास पाणी वर्ज्य असते. महाराष्ट्रात डिसेंबरचा दिवस सुमारे अकरा तासांचा. पाच लहान आहारांचे, मागच्या विश्रांतीसह, पाच तास वजा केले तर सहा तास उरतात. अर्ध्या तासाला शंभर मिलिलिटर धरले तरी बेरीज बाराशेच भरते. चौविहार पाळणाऱ्याचे शरीर असे रोज कोरडे पडत जाते. तिविहारात रात्री पाण्याची मुभा असते, आणि प्रत्याख्यानात आजारपणासाठी आगारही सांगितले आहेत. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच गुरुमहाराजांशी विचारविनिमय करून मार्ग ठरवावा.

दुसरा हिशेब प्रथिनांचा. रोज किमान साठ ग्रॅम लागतात. वाटीभर वरणातून सहा-सात ग्रॅमच मिळतात, आणि प्रारंभी वाटीभर वरण मावतही नाही. अंडी वर्ज्य असल्याने पनीर, दही, सोयाबीन आणि हिरव्या ठिपक्याची प्रथिन पावडर यांवर भर द्यावा लागतो. रुग्णालयाच्या आहारपत्रिकेत गाजर-बटाट्याचे सूप असेल, तर दुधीचे किंवा टोमॅटोचे सूप, मुगाचे पाणी अशी पर्यायी यादी आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्यावी.

औषधांचीही चौकशी करावी. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन सामान्यतः डुकराच्या आतड्यापासून बनते. फोंडापॅरिनक्स हे कृत्रिम औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येते. कॅप्सूलचे जिलेटिन प्राणिज असते. वनस्पतिजन्य कॅप्सूल मिळतात. मात्र ऐन वेळी औषध नाकारणे जिवावर बेतू शकते. बी-१२, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या पूरक गोळ्या आणि नियमित रक्ततपासण्या आजन्म चालू ठेवाव्यात.

पर्युषण किंवा दशलक्षण पर्व आले की मन उपवासाकडे ओढ घेते. पहिल्या वर्षात निर्जळ उपवास, अठ्ठाई यांपासून दूर राहणेच हितावह. वारंवार उलट्या किंवा उपासमार झाल्यास थायमिनच्या अभावाने मज्जासंस्थेला इजा होऊ शकते, शिवाय वेगाने वजन घटताना पित्ताशयात खडेही होतात. त्या काळात रसत्याग, स्वाध्याय, ध्यान ही तपे मोकळीच असतात. घरच्यांसाठी वैयावृत्त्य आहे : वेळेवर पाण्याचा पेला पुढे करणे, आणि लग्नाच्या पंगतीत ‘अजून एक घास’ असा आग्रह न करणे.