‘कळालं का?’ एवढंच विचारू नका!

डॉक्टर विचारतात, ‘कळालं का?’ आज्जी मान हलवतात, ‘हो साहेब.’ केस पेपर पिशवीत जातो, आज्जी घरी जातात. पण नेमकं काय कळालं, हे कुणी तपासलं का?

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन शहरांतल्या दवाखान्यांमधले ३९५ रुग्ण होते. औषधावरची एक सूचना होती, ‘दोन गोळ्या, दिवसातून दोन वेळा.’ वाचन कच्चं असलेल्यांपैकी जवळपास ७१ टक्के लोकांनी ती बरोबर सांगितली. पण दिवसाच्या गोळ्या मोजून दाखवा म्हटल्यावर? चार गोळ्या काढणारे जेमतेम ३५ टक्के! वाचता येणं वेगळं आणि औषध नीट घेता येणं वेगळं. हे दुसरं जमणं म्हणजे आरोग्य साक्षरता.

आता आपल्या होटगीकडे या. सोलापूरहून आलेली रेल्वेलाइन इथं फुटते. एक फाटा वाडीकडे, दुसरा विजयपूरकडे, दोन्ही कर्नाटकात. साहजिकच या पट्ट्यात मराठीच्या जोडीला कन्नडही कानावर पडते. जनगणनेच्या हिशोबात सात वर्षांवरच्या माणसाला कोणतीही एक भाषा समजून वाचता-लिहिता आली की तो साक्षर. पण कन्नड वाचणाऱ्या मावशींच्या हातात इंग्रजी चिठ्ठी पडली, तर?

परदेशात हे तपासायला चाचण्या आहेत. २००५ सालच्या ‘न्यूएस्ट व्हायटल साइन’मध्ये आइस्क्रीमचं लेबल देऊन सहा प्रश्न विचारतात. आपल्या ओपीडीच्या रांगेत ते कसं जमायचं? शिवाय परीक्षा म्हटलं की माणूस लाजतो, ‘चष्मा विसरला’ म्हणून सुटतो.

त्यापेक्षा ‘टीच-बॅक’ सोपं. ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार, मला सांगा बरं.’ उत्तर चुकलं, तर चूक रुग्णाची नाही, समजावणाऱ्याची. पुन्हा सांगायचं, वेगळ्या शब्दांत.

हे तुम्हालाही जमेल. घरात औषधांची नावं गूगल करणारे तुम्हीच ना? ओआरएसचंच घ्या. पुडीवर पाण्याचं माप असतं. मोठी पुडी अख्खी १ लिटर पाण्यात कालवायची. ती ग्लासभर पाण्यात कालवली, तर मिठाचं प्रमाण वाढतं आणि बाळाला धोका होतो. म्हणून वहिनींना नुसतं सांगू नका. लिटरची बाटली पुढं ठेवा आणि म्हणा, ‘करून दाखवा.’

आज रात्री आज्जींच्या गोळ्यांचा डबा उघडा. ‘उद्या सकाळी यातली कोणती घेणार?’ एवढंच विचारा. आणि उत्तर येईपर्यंत मधे बोलू नका.