हद्द बदलली, आता बंब कुणाचा?

दोहात आग लागली तर काय करायचं हे तुम्हाला पाठ आहे: 999. फोन वक्राहून करा नाहीतर अल खोरहून, येणारी यंत्रणा एकच, गृह मंत्रालयाचा नागरी संरक्षण विभाग. तुमचं घर कुठल्या नगरपालिकेत येतं याचा त्याच्याशी संबंध नाही.

आता हाच प्रश्न गावाकडच्या घराबद्दल विचारा. आई-बाबा राहतात त्या सोसायटीत आग लागली, तर बंब कुणाचा येईल? हद्दीवर अवलंबून आहे. आणि हद्दी बदलतात.

भारतात 1992 च्या 74व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत बारावी अनुसूची आली. शहरांकडे सोपवता येतील अशा कामांची ती यादी, आणि तिच्यात अग्निशमन सेवा आहे. त्यामुळे महाराष्ट्रात राज्यभर एकच दल नाही. महापालिकेचं वेगळं, नगरपरिषदेचं वेगळं, एमआयडीसीचं वेगळं, पुण्याभोवतीच्या पट्ट्यात पीएमआरडीएचं वेगळं. नकाशावरची रेघ सरकली की आग विझवायची जबाबदारीही सरकते.

पुण्याच्या पूर्वेला, हडपसरला लागून असलेली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं घ्या. ऑक्टोबर 2017 मध्ये 11 गावं पुणे महापालिकेत आली, त्यात ही दोन्ही होती. 9 मे 2019 च्या पहाटे उरुळी देवाचीतल्या एका कापड दुकानाला आग लागली. आत झोपलेले पाच कामगार गेले. दुकान बाहेरून बंद होतं, त्यांना निघताच आलं नाही. पुढे गावकऱ्यांची नाराजी वाढत गेली: मिळकतकर महापालिकेचा, पण सोयी तशा नाहीत, वर शहराचा कचरा डेपो आपल्याच उशाशी. डिसेंबर 2022 मध्ये सरकारने ही गावं महापालिकेतून वगळायचं ठरवलं आणि 2024 मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली.

ही मागणी बरोबर की चूक, हा आजचा विषय नाही. स्वतःचा कारभार स्वतः करावा असं वाटण्यात गैर काहीच नाही. पण अशा वेळी चर्चा होते ती कराची, पाण्याची, कचऱ्याची. बंबाचं नाव सहसा कुणी घेत नाही, कारण आग रोज लागत नाही.

अधिसूचना निघते तेव्हा नक्की काय हलतं? कायदेशीर कर्तव्य हलतं. 1965 च्या नगरपरिषद कायद्यात आग विझवणं आणि आगीत जीवित-मालमत्तेचं रक्षण करणं हे नगरपरिषदेचं बंधनकारक काम आहे, करू किंवा न करू असं नाही. करही हलतो. पण स्टेशनची इमारत हलत नाही. गाड्या, शिडी, प्रशिक्षित जवान हे ज्याचे त्याच्याकडेच राहतात. कुठल्या गल्लीत मोठी गाडी वळत नाही, कुठल्या गोदामात काय भरलंय, ही माहिती तर माणसांच्या डोक्यात असते. म्हणजे जबाबदारी एका दिवसात जाते, ताकद यायला वर्षं लागतात. धोका या मधल्या काळात असतो.

मग उपाय? सोपा आहे, फक्त वेळेवर करायला हवा. नवं स्टेशन उभं राहीपर्यंत जुन्या दलाने सेवा द्यायची, खर्च कुणी द्यायचा, पहिली गाडी कुणाची निघणार, हे हद्द बदलायच्या आधी लेखी ठरवायचं. रेघ कुठेही असो, जवळची गाडी आधी निघाली पाहिजे.

‘मग कतारसारखं एकच दल बरं’ असं म्हणाल, तर थांबा. 28 मे 2012 ला दोहातल्या विलाजिओ मॉलमध्ये आग लागली. 13 मुलं, 4 शिक्षिका आणि 2 अग्निशमन जवान असे 19 जण गेले. पाळणाघरातल्या मुलांपर्यंत पोचायला जवानांना छत फोडावं लागलं. दल कुणाचं याबद्दल तिथे शंका नव्हती, तरी हे झालं. बाहेर पडायची वाट इमारतीतच असावी लागते. उरुळीच्या दुकानातही प्रश्न तोच होता.

म्हणून तिथे बसून करण्यासारखी कामं दोन. पहिलं, घरच्यांना जवळच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबर शोधायला सांगा आणि तो तुमच्याकडेही ठेवा. दोहातून 101 लावून पुण्यात फोन लागणार नाही, आणि घाबरलेले आई-बाबा पहिला फोन तुम्हालाच करण्याची शक्यता बरीच. दुसरं, फ्लॅट तुमच्या नावावर असेल तर सोसायटीच्या ग्रुपवर एक प्रश्न टाका: ‘फॉर्म बी भरला का?’ महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. तसं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत घ्यावं लागतं.

हद्द कुठेही गेली तरी ही जबाबदारी सरकत नाही. ती मालकाकडे, म्हणजे कदाचित तुमच्याकडेच, राहते.