रशियाचं तेल, यवतमाळचा कापूस

मेसमध्ये ट्रम्प-पुतिनवर तावातावाने वाद होतात, पण त्यात आपल्या विदर्भाचं नाव कुणी घेत नाही. भारत रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेने ६ ऑगस्ट २०२५ ला आपल्या मालावर जादा २५ टक्के टॅरिफ जाहीर केला. २७ ऑगस्टपासून एकूण झाला ५० टक्के. तिरुपूरचे कपडेवाले हादरले. त्यांना कापूस स्वस्त मिळावा म्हणून आपल्या सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क १९ ऑगस्टलाच माफ केलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमकं दसरा-दिवाळीत, जेव्हा आपल्याकडे वेचणी चालू असते!

लांब धाग्याचा हमीभाव (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांचा एमएसपी) त्या हंगामात ८,११० रुपये क्विंटल होता. पण तो सीसीआयच्या केंद्रावर. तिथे आधी ॲपवर नोंदणी, वर ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. ज्याला पैशांची घाई, तो व्यापाऱ्याकडेच जातो.

स्वस्त तेल घेणं मला तरी बरोबरच वाटतं. गिरण्याही जगायला हव्यात. पण त्याचं बिल यवतमाळच्या कास्तकाराने का भरायचं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.