भाक्र्याची बिनतिकिटाची गाडी

पंजाबातल्या नांगलहून हिमाचलातल्या भाक्रा धरणाकडे जाणाऱ्या गाडीत तिकीट काढावं लागत नाही. सतलजच्या काठाने, शिवालिकच्या डोंगरांतून जाणारा हा जेमतेम १३ किलोमीटरचा फाटा १९४८ साली धरणाच्या बांधकामासाठी सुरू झाला. तो भारतीय रेल्वेचा नाही, भाक्रा बियास व्यवस्थापन मंडळाचा आहे. डबे लाकडी, कराचीत बनलेले. डिझेल इंजिनं १९५३ मध्ये अमेरिकेतून आणलेली. धरणाचं लोकार्पण १९६३ च्या ऑक्टोबरात झालं, म्हणजे फाट्याचं मूळ काम संपून साठ वर्षं उलटली. तरी मंडळाचे कामगार, शाळकरी मुलं आणि आसपासच्या गावांतली माणसं आजही याच गाडीने जा-ये करतात. २०११ साली खर्चाचं ओझं पाहून ही मोफत सेवा बंद करण्याचा विचार मंडळाने केला होता. पुढे गाडी हा वारसा आहे असं मानून तो सोडून दिला. निर्णय योग्यच होता, पण त्याचं कारण मला अपुरं वाटतं. ही गाडी धरणाचं देणं म्हणून चालली पाहिजे.

भाक्र्याची भिंत २२६ मीटर उंच आहे आणि तिच्यात सुमारे ४१ लाख घनमीटर काँक्रीट आहे. एवढ्या कामाचं सिमेंट, पोलाद आणि अवजड यंत्रं त्या अरुंद घळीपर्यंत न्यायची तर रूळ हवेच होते. काँक्रीट ओतायला १९५५ च्या नोव्हेंबरात सुरुवात झाली, त्याच्या सात वर्षं आधी रूळ पडले होते. म्हणून या फाट्याला स्वतंत्र धंदा समजून त्याचा नफातोटा काढणं मुळातच चूक आहे. तो धरणाच्या पायाभरणीचाच भाग आहे. शिवाय धरणाची किंमत फक्त रुपयांत मोजली गेली नाही. धरणामागच्या गोविंदसागर जलाशयात जुनं बिलासपूर शहर बुडालं, साडेतीनशेहून अधिक गावांना झळ बसली. पाणी पंजाब, हरियाणा, राजस्थानच्या शेतांत गेलं, पण घरं सोडली ती या डोंगरातल्या माणसांनी. यावर कुणी म्हणेल की फाटा धरणाच्या खालच्या अंगाला आहे, बुडालेली गावं वरच्या अंगाला. मग देणं कुणाचं कुणाला? हरकत रास्त आहे. मोफत प्रवासाने विस्थापितांचं नुकसान भरून निघत नाही, आणि तसा दावा कुणी करूही नये. पण ज्या खोऱ्याने हा प्रकल्प अंगावर घेतला, त्या खोऱ्यातल्या माणसांना प्रकल्पाच्याच रुळांवरून फुकट जाता यावं, इतकी अपेक्षा जास्त नाही.

बहुतेक ठिकाणी असे फाटे बांधकामाबरोबरच संपतात. अमेरिकेत हूवर धरणासाठी बोल्डर सिटीपासून धरणापर्यंत टाकलेली सरकारी लाइन १९६२ मध्ये उखडून भंगारात काढली गेली. तिच्या बोगद्यांतून आता लोक पायी फिरतात. ती वाट सुंदर आहे, पण कामावर जाणाऱ्याला तिचा उपयोग नाही. भाक्र्याच्या गाडीला निव्वळ वारसा मानलं तर तिकडेही हेच होण्याचा धोका आहे: एक डबा संग्रहालयात, एक इंजिन चौथऱ्यावर, आणि गावकरी बसच्या थांब्यावर.

राहिला पैशाचा प्रश्न. हौसेने येणाऱ्या पर्यटकांना फुकट का न्यायचं, असं विचारलं जातं. त्यांच्यासाठी वेगळा डबा जोडून त्याचं भाडं खुशाल घ्यावं; रोजच्या प्रवाशांना मात्र हात लावू नये. जुनी इंजिनं डिझेल पितात, हेही खरं आहे. मग ती बदलावीत. जुनं इंजिन जपण्यापेक्षा गाडी चालू राहणं महत्त्वाचं आहे, आणि इथेच वारसा म्हणून जपणं आणि देणं म्हणून चालवणं यांतला फरक दिसतो. तेराशे मेगावॅटहून अधिक वीजक्षमतेच्या प्रकल्पाला १३ किलोमीटरची एक गाडी जड जाईल, हे मला पटत नाही. मंडळाच्या खर्चाचा भार लाभार्थी राज्यं उचलतात. धरणाचं पाणी आणि वीज वापरणाऱ्या त्याच राज्यांनी या गाडीचा खर्चही देखभालीच्या कायमच्या खात्यात धरावा, म्हणजे दर काही वर्षांनी ती बंद करण्याचा विषय निघणार नाही.