मेंदूवर रेंगाळणारे धुके

“डॉक्टर, आईला शॉक देणार आहेत म्हणे!” न्यू जर्सीहून आलेल्या फोनवर लेकीचा स्वर कापरा होता. तिच्याकडे स्थायिक झालेल्या आजींना गेल्या उन्हाळ्यात बागेत खुरपताना गोचीड चावली आणि लाइम रोग झाला. डॉक्सिसायक्लिनने ताप व पुरळ गेले. परंतु बोलता बोलता शब्द निसटू लागले. चाळीस वर्षे घरखर्च तोंडी सांभाळणाऱ्या आजींना साध्या बेरजेत अडखळायला होई. हे वयाचेच, असे प्रथम मलाही वाटले होते.

लाइम हे अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातले गाव. १९७० च्या दशकात तेथे हा रोग ध्यानात आला. वेळीच प्रतिजैविके मिळाल्यास बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. मात्र सुमारे ५ ते १० टक्क्यांना थकवा, वेदना व विस्मरण महिनोन्महिने छळते. अशा वेळी घरची माणसे ‘आणखी एक कोर्स द्या’ म्हणतात. अमेरिकेत २००१ मध्ये आणि नेदरलँड्समध्ये २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दीर्घकाळ प्रतिजैविके देऊनही अधिक गुण आला नाही.

आजींना सुचविलेला प्रकार शॉक नव्हे. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्यावर बांधून १ ते २ मिलिअँपिअर इतका क्षीण विद्युतप्रवाह वीस-तीस मिनिटे सोडतात. रुग्ण जागा असतो. मुंग्या येतात, त्वचा लालसर होते, कधी डोके दुखते. जमिनीला वाफसा आला की नांगर सहज चालतो, तशा या प्रवाहाने चेतापेशी शिकण्यास अनुकूल होतात, अशी यामागची कल्पना. नांगर मात्र चालवावाच लागतो; म्हणून त्याच वेळी स्मरणाचे व एकाग्रतेचे व्यायाम करवून घेतात. लाइमनंतरच्या रुग्णांसाठी हा उपचार अद्याप संशोधनाच्या पायरीवर आहे. ऑनलाइन मिळणारे यंत्र आणून घरीच प्रयोग करणे मला मुळीच मान्य नाही. फेफरे, पेसमेकर किंवा कवटीत धातू असल्यास ते आधी सांगावेच.

लेकीला मी दोन गोष्टी सांगितल्या: देखरेख कोणाची ते विचार, आणि तत्पूर्वी बी-१२, थायरॉइड, झोप, श्रवण व मनाची उदासी तपासून घे. मग आजींनी फोन घेतला. त्यांची शंका एकच होती, डोक्याला तेल लावलेले चालेल का?

“त्या दिवशी नको,” मी म्हटले.